प्रसूतिगृहातील उपचार : भीती आणि वस्तुस्थिती

बाळंतपण म्हणजे स्त्रीचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. ज्या काळी बाळंतपणे घरातील अंधाऱ्या खोलीत होत आणि अडलेल्या बाळंतिणीला सोडविण्याचा उपाय सुइणीच्या हाती नसे, त्या काळी या म्हणण्यात अनुभवाचे सत्य होते. आता परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये झाल्या. २०१८-२० या कालावधीत राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. देशाचे प्रमाण त्या वेळी ९७ होते.

बाळंतपणाची जागा बदलली. भीती मात्र पुरती गेली नाही. सलाईन, अंतर्गत तपासणी, टाके, पाठीच्या मणक्यात दिले जाणारे इंजेक्शन आणि सिझेरियन यांविषयी गावोगावी नाना समज प्रचलित आहेत. अपुऱ्या माहितीतून जन्मलेले हे समज बाळंतिणीच्या जिवावर बेतू शकतात. म्हणूनच ते दूर करणे हे आरोग्य खात्याइतकेच पंचायत सदस्य, शिक्षक आणि ग्रामपातळीवरील कर्मचारी यांचेही काम ठरते.

भीतीची किंमत

माता दगावण्यामागे तीन प्रकारचे विलंब असतात, अशी मांडणी आरोग्यशास्त्रात १९९४ पासून रूढ झाली आहे. रुग्णालयात जाण्याचा निर्णय घेण्यास लागणारा वेळ हा पहिला विलंब, तेथे पोहोचण्यास लागणारा वेळ हा दुसरा आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यास लागणारा वेळ हा तिसरा. रस्ता, रुग्णवाहिका आणि डॉक्टर यांची तरतूद केल्याने दुसरा व तिसरा विलंब कमी होतो. पहिला विलंब मात्र घराच्या उंबरठ्याआत होतो. “दवाखान्यात नेले की कापतातच,” असे घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीने म्हणावे आणि कळा सुरू झालेल्या सुनेला आणखी चार तास घरीच थांबवावे, एवढ्यानेही अनर्थ होऊ शकतो. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झाल्यास धडधाकट स्त्रीही काही तासांत दगावू शकते.

भीतीचा परिणाम शरीरावरही होतो. भीतीमुळे स्नायू ताठरतात, ताठरलेल्या स्नायूंमुळे वेदना वाढतात आणि वाढलेल्या वेदना पुन्हा भीती वाढवितात, असा विचार ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी १९३३ मध्ये मांडला. त्यांची सर्वच मते पुढे मान्य झाली असे नाही. परंतु धीर देणारे माणूस सतत जवळ असल्यास कळांचा काळ काहीसा कमी होतो व शस्त्रक्रियेची शक्यताही घटते, हे नंतरच्या अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे.

नेहमीच्या तपासण्या

रुग्णालयात दाखल झाल्यावर प्रथम रक्तदाब, नाडी, ताप, लघवी व रक्तातील हिमोग्लोबिन तपासतात. यातील रक्तदाबाचे महत्त्व विशेष आहे. तो वाढलेला असेल आणि डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे अशी लक्षणे असतील, तर झटके येण्याचा धोका असतो. अशा वेळी मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देतात. हे औषध झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक कमी करते, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीने सिद्ध केले.

बाळाच्या हृदयाचे ठोके वारंवार ऐकले जातात. ते साधारणतः मिनिटाला ११० ते १६० असतात. परिचारिका पुन्हा पुन्हा येऊन ठोके मोजते म्हणजे काही बिघडले आहे, असे नातेवाइकांनी समजू नये. बाळ सुखरूप आहे याची ती खात्री करून घेत असते.

अंतर्गत तपासणीचा संकोच स्त्रियांना सर्वांत जास्त वाटतो. गर्भाशयाचे तोंड किती उघडले आहे आणि बाळाचे डोके किती खाली आले आहे, हे या तपासणीवाचून नीट कळत नाही. प्रसूती सुरळीत पुढे सरकत असेल, तर ही तपासणी साधारणतः दर चार तासांनी पुरेशी असते, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तपासणीपूर्वी स्त्रीला सांगणे, आडपडदा ठेवणे आणि तिची संमती घेणे हे योग्य पद्धतीचे अंग आहे.

सलाईन, इंजेक्शन आणि टाके

“सलाईन लावली म्हणजे प्रकृती गंभीर झाली,” हा समज सर्वत्र आढळतो. सलाईनची नळी पुष्कळदा केवळ पूर्वतयारी म्हणून लावतात. रक्तस्राव सुरू झाल्यावर शीर सापडणे कठीण होते. नळी आधीच बसविलेली असल्यास औषध तत्काळ देता येते. अर्थात सुरळीत चाललेल्या प्रत्येक बाळंतपणात सलाईन हवीच असे नाही आणि ती का लावली हे विचारण्यात गैर काही नाही.

कळा मंदावल्यास ऑक्सिटोसिन हे औषध सलाईनमधून थेंबाथेंबाने देतात. शरीरात स्वाभाविकपणे तयार होणारे हे द्रव्य १९५३ मध्ये प्रयोगशाळेत तयार करण्यात आले. रुग्णालयात देखरेखीखाली दिल्यास ते उपकारक आहे. परंतु लवकर सुटका व्हावी म्हणून घरी कोणाकडून तरी कळांचे इंजेक्शन टोचून घेणे अत्यंत धोक्याचे आहे. त्यामुळे गर्भाशय फाटू शकते व बाळ गुदमरू शकते. याउलट बाळ जन्मल्यावर लगेच मातेला दिले जाणारे याच औषधाचे दहा युनिटचे इंजेक्शन गर्भाशय आकुंचित करून रक्तस्राव रोखते. ते नाकारू नये.

बाळ बाहेर येताना योनिमार्गाच्या कडेला छेद देऊन नंतर टाके घालण्याची पद्धत एके काळी पहिलटकरणीच्या बाबतीत सरसकट अवलंबिली जाई. असा छेद सर्वांना देऊ नये, गरज असेल तेव्हाच द्यावा, असे आताचे शास्त्र सांगते. छेद देण्यापूर्वी व टाके घालताना ती जागा बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. स्वच्छता राखल्यास ही जखम सामान्यतः काही आठवड्यांत भरून येते.

सिझेरियन व भूल

बाळ आडवे असणे, त्याचे ठोके मंदावणे, वार गर्भाशयाच्या तोंडावर असणे, प्रसूती अडणे अशा प्रसंगी सिझेरियन शस्त्रक्रिया माता व बाळ या दोघांचेही प्राण वाचविते. त्यासाठी बहुधा पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. माता जागी असते आणि बाळाचे पहिले रडणे तिला ऐकू येते. या इंजेक्शनमुळे जन्मभर कंबर दुखते हा समज निराधार आहे. गर्भारपणात कमरेवर पडलेला भार आणि बाळाला घेताना, पाजताना चुकीच्या पद्धतीने बसणे ही कंबरदुखीची नेहमीची कारणे होत. इंजेक्शननंतर काही स्त्रियांना थोडे दिवस डोकेदुखी होऊ शकते. तिच्यावर उपचार आहेत.

एकदा सिझेरियन झाले म्हणजे पुढचेही तसेच होणार, हेही सर्वस्वी खरे नाही. पुढचे बाळंतपण मात्र शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावयास हवे.

सर्वच शंका निराधार नसतात

येथे एका गोष्टीची नोंद घेणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ च्या सर्वेक्षणात सुमारे २० टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २५ टक्क्यांवर गेले. संपूर्ण लोकसंख्येचा विचार करता हे प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे गेल्यावर मृत्यू आणखी घटल्याचे दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये म्हटले आहे. म्हणजे “हे खरोखर आवश्यक आहे का?” हा कुटुंबीयांचा प्रश्न रास्त आहे. सरसकट केस काढणे, एनिमा देणे, बाळ लवकर यावे म्हणून पोटावर वरून दाब देणे या जुन्या प्रथांचीही शिफारस आता केली जात नाही. अशा शंकांना “घाबरू नका” एवढे उत्तर पुरत नाही. उपचाराचे कारण समजावून सांगितले तरच विश्वास बसतो.

संमतिपत्रावरील सही हे भीतीचे आणखी एक कारण. “सही घेतली म्हणजे जबाबदारी झटकली,” असे नातेवाइकांना वाटते. वास्तविक संमतिपत्र स्त्रीच्या हक्काचे रक्षण करते. कोणता उपचार करावयाचा, त्याचा लाभ काय, धोका कोणता, दुसरा पर्याय आहे काय, याची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमतीच खरी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधील एका निर्णयात स्पष्ट केले आहे. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या स्त्रीच्या वतीने नातेवाइकाने दिलेली संमती पुरेशी ठरत नाही, हेही त्या निर्णयातून दिसते. म्हणून सही करण्यापूर्वी मजकूर मराठीत समजावून घ्यावा. आणीबाणीच्या क्षणी वेळ थोडा असतो. यास्तव ही माहिती आठव्या-नवव्या महिन्यातच कानावर पडलेली असावी.

गावाने काय करावे

केंद्र शासनाने २०१६ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक स्त्री सोबती जवळ ठेवण्यास अनुमती देणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. आई, सासू, नणंद किंवा मैत्रीण यांपैकी स्वतः बाळंतपण अनुभवलेली व गर्भवतीच्या मनाजोगी स्त्री आधीच ठरवावी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११) शासकीय संस्थेतील प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि घर ते रुग्णालय व परतीचा प्रवास विनामूल्य ठेवण्यात आला. खर्चाच्या भीतीने थांबलेल्या कुटुंबांना हे सांगणे अगत्याचे आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानानुसार (२०१६) दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या तपासणीचाही लाभ घेता येतो.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने गावातील गर्भवतींची यादी आशा स्वयंसेविकेकडून घेऊन प्रत्येकीसाठी पाच गोष्टी आधीच निश्चित कराव्यात : कोणत्या रुग्णालयात जावयाचे, वाहन कोणते, सोबतीला कोण, रक्त देण्यास तयार कोण आणि घरी असलेल्या मुलांना कोण सांभाळणार. शक्य असेल तेथे नवव्या महिन्यापूर्वी गर्भवतीस व तिच्या सासूस प्राथमिक आरोग्य केंद्रातील प्रसूतिकक्ष दाखवून आणावा. एकदा पाहिलेली खोली, टेबल आणि ओळखीची परिचारिका यांचे भय पुढे उरत नाही.

शिक्षकांनी माता-पालकांच्या बैठकीत आशा स्वयंसेविकेला बोलण्याची संधी द्यावी. धोक्याची लक्षणे मात्र घरातील पुरुषांनाही पाठ असावीत : रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी व अंधारी, झटके, ताप, कळांपूर्वीच पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे आणि बारा तासांहून अधिक काळ कळा चालू राहणे. यांपैकी एकही दिसल्यास विचारविनिमयात वेळ न दवडता १०२ किंवा १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा.

रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा वाटाही मोठा आहे. कळा सोसणाऱ्या स्त्रीला एकेरीत दटावणे आणि “ताई, आता मी तपासते आहे, थोडा त्रास होईल,” असे सांगणे यांना वेळ सारखाच लागतो. दटावणी ऐकून परतलेली बाळंतीण गावात दहा जणींना भीती सांगते. धीर मिळालेली बाळंतीण पुढच्या दहा जणींना वेळेवर रुग्णालयात पाठविते.