पोरांच्या हाती परात द्या



उसाची लागण करताना आपण बेणे पारखून घेतो, माती तपासतो, खताचा हप्ता चुकू देत नाही. तेवढीच काळजी घरच्या पोराबाळांच्या ताटाची घेतो का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. २०१५-१६ साली हेच प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. रक्त कमी असलेले मूल लवकर दमते, त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही.

"घरात सगळं आहे हो, पण पोरं भाजीला तोंडच लावत नाहीत," असे आयाबहिणी म्हणतात. रागावून किंवा खाऊचे आमिष दाखवून हे जमत नाही. नवी भाजी मुलाच्या जिभेला रुचायला आठ-दहा वेळा तरी थोडी थोडी ताटात यावी लागते. आणि ज्या पदार्थाला मुलाचा हात लागला, तो ते आपणहून चाखून बघते. म्हणून मुलांना स्वयंपाकघरातून हाकलू नका, त्यांना काम द्या.

१) चार ते सहा वर्षे : मटार, भुईमुगाच्या शेंगा सोलणे, मेथी, कोथिंबीर निवडणे. थोडे सांडेल, सांडू द्या.

२) सात ते दहा वर्षे : मोड आणणे. सकाळी मटकी धुऊन भिजत घालावी, संध्याकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावी. दुसऱ्या दिवशी पुरचुंडी मुलालाच सोडू द्यावी. मोड पाहिले की "उसळ कधी करायची?" हे तेच विचारेल. काकडी-गाजराची कोशिंबीर कालवणे, लिंबू पिळणे हीही त्याचीच कामे. लिंबाच्या रसाने पालेभाजीतले व कडधान्यातले लोह अंगी लागायला मदत होते. उलट जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी लागते.

३) दहा वर्षांपुढे : भाजणीत बारीक चिरलेला पालक किंवा मेथी घालून थालीपीठ थापणे, नाचणीची भाकरी करून बघणे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गव्हात ते ४० च्या आसपास. हाडे भरायच्या वयात हा फरक लहान नाही. मात्र चूल, गॅस आणि कुकरजवळ मोठे माणूस हवेच.

ही कामे मुलींपुरती ठेवू नयेत. बाबा भाजी निवडायला बसले की मुलगाही बसतो.

आता एक गोष्ट स्पष्टच बोलू. आपण साखरेचे धनी आहोत, म्हणून ती आपणच सांगितली पाहिजे. साखर वाईट नाही, अति वाईट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी उष्मांक मिळावेत. १४०० उष्मांक लागणाऱ्या मुलाला हे फार तर ३५ ग्रॅम, म्हणजे सात लहान चमचे. गूळही त्यातच धरायचा. दोन वेळच्या गोड चहातच चार चमचे जातात. वर बिस्किटे आणि गोळ्या. मग जेवणाला भूक कुठून लागणार? "भाजी संपव, मग चॉकलेट देतो," हेही बंद करावे. त्याने भाजी ही शिक्षा ठरते.

बांधावरची भाजी गेली आणि तिथेही ऊस आला, हे आपण सगळेच पाहतो. सुरुवातीला उसाच्या सरीत मेथी-कोथिंबिरीचे आंतरपीक घेता येते. तेही नको असेल तर मोरीच्या सांडपाण्यावर शेवगा, कढीपत्ता लावा आणि मेथीचा एक वाफा मुलाच्या नावाने चांगल्या पाण्यावर करा. मेथी महिन्याभरात काढणीला येते. स्वतः पाणी घातलेली जुडी पोर मिरवत घरात आणेल, आणि खाईल.

मुलाच्या पापणीची आतली कड किंवा नखे पांढुरकी दिसत असतील, तर नुसत्या ताटावर विसंबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.

हंगामाच्या धावपळीत रोज हे जमणार नाही, हे आम्ही जाणतो. आठवड्यातून एक वेळचे जेवण मुलांच्या हातचे, एवढे ठरवले तरी सुरुवात झाली. येत्या बाजाराला पिशवी घेऊन मुलालाही बरोबर न्या, आणि एक भाजी त्याला निवडू द्या.