काटा कुठून निघतो ते आधी बघ

पोरी, जोधपूरला चालली आहेस, ओरणातली, म्हणजे तिथल्या देवराईतली, झुडपं नोंदवायची आहेत, तर आत्याचं एवढं ऐक. थरच्या वाळवंटात पानावरून नाव ठरवायला जाऊ नकोस. खेजडी, कुमट, बावली, देशी बाभूळ, विलायती बाभूळ सगळी एकाच शेंगावर्गीय गोतावळ्यातली. पानं सगळ्यांची पिसासारखी, बारीक पानोळ्यांची. दहा पावलांवरून फरक कळत नाही, आणि शेळ्या-उंटांनी ओरबाडलं की पान उरतही नाही. फुलांचा हंगाम तर थोडक्यात आटोपतो. काटा मात्र बारा महिने जागेवर असतो. म्हणून कोवळी फांदी हातात धर, पान जिथून फुटतं तो डोळा शोध, आणि काटे डोळ्याशी आहेत की दोन डोळ्यांमधल्या कांड्यावर, एवढं आधी बघ.

कांड्यावर कुठेही विखुरलेले, आखूड, सरळ, बुडाशी रुंद आणि टोकाला निमुळते काटे दिसले तर ती खेजडी. दसऱ्याला आपण पुजतो ती शमी हीच. तिच्या काट्यांना जोडी नसते, ओळ नसते. झाड म्हणून तिची ख्याती मोठी, पण नांगराखाली किंवा शेळ्यांच्या तोंडी सापडलेली खेजडी वर्षानुवर्षं गुडघाभर झुडूपच राहते, आणि तिथेच माणसं फसतात.

फसतात ती विलायती बाभळीशी. सोलापूर-नगरकडे जिला आपण वेडी बाभूळ म्हणतो तीच ही. अमेरिका खंडातून आणलेली. 1940 मध्ये मारवाड संस्थानानं तिला शाही वनस्पतीचा मान दिला होता. खेजडीची ही जवळची नातलग, दोघींचा फुलोरा लांबट, पिवळसर तुऱ्याचा. पण हिचे काटे डोळ्याशी, बहुधा जोडीनं, लांब आणि दणकट. कोवळी फांदी डोळ्यागणिक नागमोडी वळत जाते. शेंगा असतील तर काम आणखी सोपं: खेजडीची सांगरी सडपातळ, गोलसर, विलायतीची शेंग चपटी, पिकली की गवताच्या रंगाची आणि चवीला गोड. शेंड्याकडेही नजर टाक. खेजडीचा पाला, ज्याला तिथे लूंग म्हणतात, जनावरं आवडीनं खातात, त्यामुळे तिचे शेंडे खुडलेले असतात. विलायतीच्या पाल्याला ती सहसा तोंड लावत नाहीत. शेंगा मात्र खातात, आणि शेणा-लेंड्यांतून बी रानभर पसरतं.

जोडीनं काटे देशी बाभळीलाही असतात, तेव्हा तेवढ्यावर थांबू नकोस. पान मिळालं तर मोजून बघ. विलायतीच्या देठाला पिसांच्या एक ते तीनच जोड्या, पानोळ्या लांबट आणि सुट्या. बाभळीच्या जोड्या जास्त, पानोळ्या इवल्याशा आणि दाटीनं लागलेल्या. बाभळीचं फूल म्हणजे गोल पिवळा गोंडा, आणि शेंग मण्यामण्यांची, दर दोन बियांच्या मध्ये आवळलेली. जुन्या बाभळीचे काटे पुष्कळदा खुरटलेले किंवा नाहीसेच झालेले असतात, म्हणून कोवळी फांदी शोध म्हणाले.

बावली ही खरीखुरी झुडूपवजा बाभूळ. बुडापासूनच फांद्या फुटतात, खोड असं वेगळं दिसत नाही. काटे पांढुरके, बारीक, सरळ, जोडीनं. गोंडे पिवळेच, पण शेंग चपटी. वाळूच्या टेकड्यांवर आणि कोरड्या नदीपात्रात ती भेटेल.

कुमट मला सगळ्यांत आवडतो, कारण तो ओळख लपवतच नाही. एकाच डोळ्यापाशी तीन काटे: बाजूचे दोन वरच्या अंगाला, मधला खाली वाकलेला आकडा. बाही अडकली तर ओढू नकोस. एकीकडे खेचलंस की दुसरीकडचा काटा धरतो. मागे सरक आणि बोटांनी एकेक सोडव. फुलोरा पांढरट तुऱ्याचा असल्यानं नवखे त्याला खेजडीच्या गटात ढकलतात. भिंगाखाली एक फूल धर: खेजडीत पुंकेसर दहा, कुमटात मोजता येणार नाहीत इतके. त्याच्या चपट्या बिया केर-सांगरीबरोबर पंचकुट्याच्या भाजीत पडतात, तेव्हा जेवतानाही ओळख पक्की होईल.

बोरीची नोंद करताना गोंधळ नको. झडबेरी, म्हणजे तिथली झुडूपवजा बोर, शेंगावर्गीय नाही, पण काटे तिलाही जोडीनंच, त्यातला एक सरळ, दुसरा वाकडा. पान साधं, गोलसर, तीन ठळक शिरांचं. आपल्या मोठ्या बोरीचं पान वरून गुळगुळीत आणि खालून पांढुरकं असतं. झडबेरीचं लहान आणि दोन्ही अंगांना लवदार.

एका फांदीवरून कधीच नाव लिहू नकोस. तीन फांद्या बघ, त्यातली एक बुडाजवळची. छाटलेल्या झाडाच्या नव्या धुमाऱ्यांवर काटे जास्त असतात, आणि विलायतीत क्वचित बिनकाट्याची झाडंही निघतात. शंका राहिली तर वहीत प्रश्नचिन्ह टाक, पुढच्या हंगामात शेंगा बघून ते काढ.

हे सगळं इतक्या आग्रहानं सांगतेय कारण विलायती उपटायची कामं तिकडे निघतात, आणि त्या सपाट्यात खेजडीची रोपंही मुळासकट जातात. जोधपूरजवळच्या खेजडलीत 1730 मध्ये याच झाडासाठी बिश्नोई समाजाच्या 363 जणांनी प्राण दिले. 1983 पासून ते राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. तुझ्या यादीवरून पुढे कुणी कुदळ चालवणार असेल, तर काम सुरू व्हायच्या आधी स्वतः रानात जा, आणि कांड्यावर काटे असलेल्या प्रत्येक झुडपाला रंगीत चिंधी बांधून ये.