निकटचित्रणातील एक मिलिमीटर

बंगळूरच्या कोरमंगला भागातील एखाद्या बागेत, आंब्याची पाने जोडून घरटे करणाऱ्या तांबड्या विणकर मुंगीचे निकटचित्र घ्यावयाचे आहे असे समजू. ३६ मि.मी. रुंदीच्या संवेदकावर तिची प्रतिमा मूळ आकाराएवढी पडत असेल, तर एफ/८ या छिद्रावर सुस्पष्ट क्षेत्राची खोली जेमतेम १ मि.मी. भरते. डोळे रेखीव येतात, स्पर्शिका धूसर. छिद्र लहान केल्यास खोली वाढते खरी. परंतु एवढ्या जवळून एफ/१६ हे एफ/३२ सारखे वागते आणि विवर्तनामुळे सारेच चित्र किंचित पुसट होते. म्हणून कॅमेरा मुंगीच्या कुशीला समांतर धरावा. (ती कडकडून चावते, हे ध्यानात असावे.) फोकसचे वलय न फिरविता कॅमेराच हळूहळू पुढे न्यावा व डोळा स्पष्ट होताच कळ दाबावी. पाठीमागच्या लहान पडद्यावर प्रत्येक चित्र चांगलेच भासते. ते मोठे करून तपासल्याखेरीज फांदीपासून हलू नये.