सुरीवरील गावाचे नाव

धडा : यहोशवा, अध्याय ९. विषय : मालाचा देश खरा सांगणे.

गिबोनाच्या रहिवाशांनी जुनी पायतणे घातली, बुरसटलेल्या भाकरी बरोबर घेतल्या आणि आपण दूर देशाहून आलो असे इस्राएल लोकांस सांगितले. वास्तविक त्यांचे गाव जवळच होते, आणि तीन दिवसांनी ते उघडकीस आले. त्या मनुष्यांनी आपला देश खोटा सांगितला; बाजारात पुष्कळदा मालाचा देश खोटा सांगण्यात येतो.

समजा, साक्रीच्या बाजारात आपला एक बंधू सुऱ्या, विळे व अडकित्ते मांडून बसला आहे. घाऊक व्यापाऱ्याने दिलेल्या सुऱ्यांवर 'जर्मनी' असा ठसा आहे. पण त्या तेथल्या नव्हेत हे त्यास ठाऊक आहे. गिऱ्हाईक विचारते, "दादा, माल कोठला?" खरे सांगावे तर विक्री जाते, आणि कर्जाचा हप्ता तर डोक्यावर आहे. त्याने काय करावे?

सुरीची लांबी व मूठ गिऱ्हाइकास दिसते. पोलादास पाणी कसे दिले ते दिसत नाही. म्हणून ते ठशावर विश्वास ठेवते. ठसा ही साक्ष आहे, आणि खोटा ठसा ही खोटी साक्ष होय.

हे कपट जुने आहे. इंग्लंडातील शेफील्ड शहर चाकूसुऱ्यांसाठी नावाजलेले. जर्मनीतील हलक्या सुऱ्या त्या शहराच्या नावाने विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा तेथील कारागिरांनी तक्रार केली. ब्रिटनात १८८७ साली व हिंदुस्थानात १८८९ साली मालावरील खोट्या खुणांविरुद्ध कायदा झाला. त्यामुळे पुष्कळ जर्मन मालावर 'जर्मनीत केलेला' असे लिहिणे भाग पडले. ते कमीपणाचे चिन्ह होते. परंतु कारागिरांनी काम सुधारले आणि तेच नाव मानाचे झाले. तेथील झोलिंगेन शहराच्या नावास १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे. सुरीचे मुख्य काम त्याच परिसरात झाले पाहिजे.

आता आपल्याकडे पाहू. जळगावच्या केळीस व भरताच्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दुसऱ्या मुलखाची केळी कोणी 'जळगावची' म्हणून विकली, तर रावेर-यावलच्या शेतकऱ्यास काय वाटेल? जो न्याय आपल्या केळीस, तोच परक्याच्या सुरीस.

काही म्हणतात, "आम्ही खोटे बोलत नाही, केवळ गप्प राहतो." परदेशाहून आलेल्या वेष्टनबंद मालावर देशाचे नाव असणे २०१८ पासून आवश्यक आहे. तो कागद सोलून गप्प बसणारा तोंडाने नव्हे, तरी हाताने खोटे बोलतो. पाते परदेशचे व मूठ धुळ्यास बसविलेली असेल, तर दोन्ही सांगावे.

यास्तव त्या बंधूने खोट्या ठशाचा माल विकू नये; व्यापाऱ्यास परत करावा. तोटा होईल, हे आम्ही लपवीत नाही. परंतु त्या महिन्यात मंडळीने त्याच्या हप्त्यास हातभार लावावा. नुसता उपदेश करून घरी जाऊ नये. आणि गावच्या लोहाराचा विळा त्याने गावच्याच नावाने, लाज न धरता विकावा. चांगल्या कामाने लहान गावाचेही नाव मोठे होते.

मननासाठी प्रश्न :
१. गप्प राहून खोटी साक्ष कशी दिली जाते?
२. खरे बोलल्याने ज्याचा तोटा झाला, त्याच्यासाठी आपली मंडळी काय करील?