शॉक एका दिवसाचा, गोळ्या सात आठवड्यांच्या

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये बिघडलेले ठोके शॉक देऊन ताळ्यावर आणायचे ठरले, की घरचे आधी शॉकचे बिल विचारतात. लवासात राहणाऱ्यांनी त्याआधी गोळ्यांचा आणि गाडीभाड्याचा हिशेब मांडावा.

हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरत राहिला की रक्त साकळून गुठळी होते. ठोके पूर्ववत होताना ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून त्रास 48 तासांहून जुना असेल (युरोपच्या 2024च्या सूचनांत ही मर्यादा 24 तास आहे) किंवा कधी सुरू झाला हेच ठाऊक नसेल, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी शॉकआधी किमान 3 आठवडे आणि नंतर किमान 4 आठवडे घ्यावी लागते. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला मात्र थांबवत नाहीत.

वॉरफरिन, ॲसिट्रॉम या गोळ्या स्वस्त. पण आयएनआर (रक्त किती पातळ झाले याचे माप) 2 ते 3मध्ये राखायला सुरुवातीला आठवड्याला एक तरी तपासणी हवी. पुणे सुमारे 60 किलोमीटर. किलोमीटरला 15 रुपये धरले तरी एका फेरीचे 1,800 आणि सात फेऱ्यांचे 12,600. तपासणीचे पैसे वेगळे. एपिक्साबॅनला आयएनआर लागत नाही. दिवसाला 2 म्हणजे 49 दिवसांच्या 98 गोळ्या. 2022मध्ये पेटंट संपल्यावर अनेक कंपन्यांची गोळी आली. 20 रुपयांची मिळाली तर 1,960 रुपयांत काम होते. ‘महागडी’ गोळी इथे स्वस्त पडते ती अशी. जनऔषधी केंद्रातही भाव विचारा.

संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झाली असेल किंवा धातूची झडप बसवली असेल, तर ही निवडच उरत नाही. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमच. मग पुण्यात कोथरूड गाठण्याआधी पिरंगुट, पौडच्या लॅबना फोन करून बघा.

अन्ननलिकेतून इको करून गुठळी नाही असे दिसले, तर आधीचे तीन आठवडे वाचतात, नंतरचे चार नाहीत. अंदाजपत्रकात हा इको, भूल आणि शॉक वेगवेगळे लिहून मागा.

डोस चुकले तर तीन आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागू शकतात. पावसाळ्यात वाटेतल्या टेमघरच्या घाटाचा भरवसा नाही, त्यामुळे महिन्याच्या गोळ्या घरात हव्यातच.

चार आठवड्यांनंतर गोळी आपल्या मनाने बंद करू नका. वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात पाहून डॉक्टर ती कायमची चालू ठेवू शकतात. तेव्हा 20च्याच भावाने महिन्याला 1,200 रुपये बाजूला काढा.