शेंडेनक्षत्र

इसवी सन २०२५ ची दिवाळी. घरोघरी आकाशकंदील लागले होते, अंगणांत पणत्यांच्या ओळी उजळल्या होत्या, आणि पेणपासून रोह्यापर्यंतच्या शेतांत भाताच्या कापणीची लगबग चालू होती. त्याच दिवसांत आकाशातही दोन पाहुणे आले होते. एकाचे नाव लेमन आणि दुसऱ्याचे स्वान. हे दोन्ही धूमकेतू होते. खेड्यापाड्यांतील जुनी माणसे धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणत आली आहेत. डोक्याला शेंडी असावी तसा ज्याला प्रकाशाचा लांब झुपका असतो, ते शेंडेनक्षत्र. शब्द मोठा चित्रमय आहे. परंतु ती वस्तू नक्षत्रही नव्हे आणि ताराही नव्हे.

लेमन हा धूमकेतू ३ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, माउंट लेमन नावाच्या पर्वतावरील वेधशाळेतून सापडला. नाव ऐकून लिंबाची आठवण होईल. पण त्या पर्वताला सारा लेमन या वनस्पतिशास्त्रज्ञ स्त्रीचे नाव मिळालेले आहे. दुसऱ्या धूमकेतूची कथा याहून मौजेची आहे. युक्रेनमधील व्लादिमीर बेझुग्ली हे एक हौशी खगोलनिरीक्षक. सूर्याचे निरीक्षण करणाऱ्या एका अवकाशयानावर ‘स्वान’ नावाचे उपकरण आहे. त्याने पाठविलेली चित्रे सप्टेंबर महिन्यात पाहत असता बेझुग्ली यांना त्यांत एक ठिपका सरकताना दिसला. तोच हा धूमकेतू. २० ऑक्टोबरला स्वान पृथ्वीपासून सुमारे चार कोटी किलोमीटरांवर आला, व दुसऱ्याच दिवशी, आश्विन अमावस्येला, लेमन सुमारे नऊ कोटी किलोमीटरांवर आला. चंद्र आपल्यापासून पावणेचार लाख किलोमीटरांहून थोडा अधिक दूर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘जवळ आला’ या शब्दांचा खरा अर्थ कळतो.

लेमन सूर्यास्तानंतर वायव्य आणि पश्चिम या दिशांच्या मधल्या भागात, स्वातीच्या तेजस्वी ताऱ्याच्या परिसरात होता. स्वान दक्षिणेकडे, धनू आणि गरुड या तारकासमूहांच्या दरम्यान होता. लेमन काळोख्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसण्याजोगा होता. स्वानसाठी मात्र दोन्ही डोळ्यांना लावावयाची लहान दुर्बीण हाती असणे आवश्यक होते. आता पेणच्या वायव्येस काय आहे? मुंबई. त्या महानगराच्या दिव्यांचा उजेड रात्री क्षितिजावर फिकट पिवळ्या धुक्यासारखा पसरलेला असतो. पश्चिमेस धरमतरच्या खाडीकडे मिठागरे आणि खारजमिनी असल्यामुळे क्षितिज मोकळे आहे खरे, पण डोलवीच्या पोलाद कारखान्याचे दिवेही त्याच बाजूला आहेत. रोह्याची गोष्ट थोडी वेगळी. पेणहून निघालेली आगगाडी कासू, नागोठणे, निडी ही स्थानके घेत रोह्याला पोहोचते, तोवर मुंबईचा उजेड बराच मागे पडलेला असतो. तेथे धाटावच्या कारखान्यांचे दिवे आहेत आणि कुंडलिकेच्या खोऱ्याभोवती डोंगर आहेत. डोंगरामुळे क्षितिजालगतची वस्तू झाकली जाते. पेणला मोकळे क्षितिज, तर रोह्याला अधिक काळोख. दोहोंचा लाभ एकाच ठिकाणी मिळणे कठीण.

मग हे शेंडेनक्षत्र असते तरी काय? बर्फ, धूळ आणि खडे यांचा तो एक गोळा असतो. सूर्यमालेच्या अगदी दूरच्या, अतिशय थंड प्रदेशात असे असंख्य गोळे आहेत. त्यांपैकी एखादा सूर्याकडे ओढला जातो. सूर्याची ऊब लागताच त्याच्यातील बर्फाची थेट वाफ होते, वाफेबरोबर धूळ उडते, आणि मूळच्या लहानशा गाभ्याभोवती हजारो किलोमीटर रुंदीचे धूसर डोके तयार होते. १९८६ साली ‘जोत्तो’ नावाचे यान हॅलेच्या धूमकेतूजवळून गेले, तेव्हा त्याचा गाभा सुमारे पंधरा किलोमीटर लांब असून कोळशासारखा काळा आहे असे आढळले. आकाशात चांदीसारखे चमकणारे हे नक्षत्र मुळात कोळशासारखे काळे असावे, हे प्रथम ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही.

शेपटीविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. धावणाऱ्या घोड्याची शेपटी जशी मागे उडते, तशीच धूमकेतूचीही मागे उडत असावी असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूस असते. सूर्याकडून येणारा प्रकाश धुळीला दूर लोटतो आणि सूर्यापासून वाहणारे सूक्ष्म कणांचे वारे वायूला दूर नेतात. म्हणून सूर्याला वळसा घालून धूमकेतू परत निघाला, की शेपटी पुढे आणि डोके मागे असा त्याचा प्रवास चालतो. दरबारातून निघताना राजाकडे पाठ न करता मागे मागे पावले टाकीत जाणाऱ्या मानकऱ्यासारखाच हा प्रकार झाला.

धूमकेतू पाहावयास जाणाऱ्या मुलांची एक निराशा ठरलेली असते. तो झर्रकन आकाशातून जाईल अशी त्यांची अपेक्षा असते. जी क्षणात चमकून नाहीशी होते ती उल्का. धूमकेतू ताऱ्यांबरोबरच सावकाश मावळतो. आज एका ताऱ्यापाशी दिसला तर उद्या थोडा सरकलेला आढळतो, आणि असा तो कित्येक रात्री दिसत राहतो. त्याच्यासाठी घाई उपयोगाची नाही. वडीलधाऱ्या माणसांना बरोबर घेऊन दिव्यांपासून दूर, मोकळ्या जागी जावे. कापणीच्या दिवसांत शेताच्या बांधांवर सापकिरडू असते, म्हणून पायांत जोडा हवा. विजेरीला तांबडा कागद गुंडाळावा, आणि डोळे अंधाराला सरावण्यासाठी निदान वीस मिनिटे थांबावे. सूर्य पूर्ण मावळल्यावाचून दुर्बीण त्या दिशेला चुकूनही लावू नये. क्षणार्धात डोळा कायमचा जाऊ शकतो. अंधुक वस्तू एकटक पाहिल्यास दिसेनाशी होते. तिच्या किंचित बाजूला पाहिले असता ती उमटते. ही युक्ती ज्याला साधली त्याला आकाशातील पुष्कळ काही दिसू लागते.

यानंतर करावयाचे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच बहुतेक जण टाळतात. ते म्हणजे वहीत टिपण करणे. दिनांक, वेळ, ठिकाण, दिशा, जवळचे तारे, शेपटी कोणीकडे वळली आहे, आकाश स्वच्छ होते की ढगाळ, हे सारे तेथेच लिहावे. उंची मोजण्यासाठी हात ताठ पुढे धरून एक डोळा मिटावा आणि क्षितिजापासून किती मुठी बसतात ते पाहावे. एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. समजा, पेणच्या एका मुलीने आणि रोह्याच्या एका मुलाने एकाच वेळी असे टिपण केले. त्यांनी काढलेल्या आकृत्या ताडून पाहिल्या, तर धूमकेतू दोघांनाही त्याच ताऱ्यांपाशी दिसलेला आढळेल.

यात विशेष ते काय, असे कोणी विचारील. परंतु याच प्रश्नातून एक मोठा शोध लागला आहे. १५७७ साली एक ठळक धूमकेतू दिसला. तोपर्यंत युरोपातील विद्वान धूमकेतूला पृथ्वीच्या वातावरणातील जळती वाफ समजत. डेन्मार्कच्या टायको ब्राहे या ज्योतिर्विदाने ह्वेन बेटावरून घेतलेले आपले वेध शेकडो किलोमीटर दूर असलेल्या प्राग नगरातील वेधांशी ताडून पाहिले. जवळची वस्तू दोन ठिकाणांहून पाहिली असता तिची जागा बदललेली दिसते. नाकासमोर बोट धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला, म्हणजे बोट कसे इकडून तिकडे उडी मारते ते पाहावे. दोन्ही नगरांतून पाहिलेल्या चंद्राची जागा अशी बदलत होती. धूमकेतूची मात्र जवळजवळ तीच राहत होती. अर्थात धूमकेतू चंद्राच्याही पलीकडे असला पाहिजे. पेण आणि रोहे यांच्यातील सरळ अंतर पस्तीस किलोमीटरांच्या आसपास; तेवढ्याने चंद्राचाही फरक नुसत्या डोळ्यांना कळणार नाही. पण पद्धत तीच.

नोंदीत दिनांक नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरण याच जिल्ह्यातील आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० रोजी, चैत्री पौर्णिमेला, रायगडावर झाले. त्यानंतर काही वर्षांनी, राजाराम महाराजांच्या काळात, कृष्णाजी अनंत सभासद याने जिंजी येथे महाराजांचे चरित्र लिहिले. ते सभासदाची बखर म्हणून प्रसिद्ध आहे. महाराज गेले तेव्हा जे अशुभ प्रकार घडले असे तो सांगतो, त्यांत आकाशात धूमकेतू दिसल्याचाही उल्लेख आहे. आता १६८० चा जो प्रचंड धूमकेतू इतिहासात विख्यात आहे, तो त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरला गोटफ्रीड किर्ख या जर्मन ज्योतिर्विदाने दुर्बिणीतून प्रथम पाहिला. दुर्बिणीच्या साहाय्याने सापडलेला तो पहिला धूमकेतू होय. म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सात महिने लोटले होते. डिसेंबरच्या अखेरीस त्याची शेपटी सायंकाळच्या आकाशात दूरवर पसरली होती, आणि १६ जानेवारी १६८१ रोजी रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हाही तो मावळतीकडे होता.

सभासद खोटे लिहीत होता असे मात्र मुळीच म्हणता येणार नाही. तो निष्ठावंत सेवक होता, आणि एवढ्या मोठ्या राजाच्या वियोगाने विव्हळ झालेल्या मनाला आकाशही आपल्याबरोबर शोक करीत आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. मधल्या वर्षांत लोकांच्या आठवणीतील तो थोरला धूमकेतू आणि महाराजांचे जाणे या दोन गोष्टी एकत्र झाल्या असाव्यात, असे मानावयास जागा आहे. दोन्ही घटना एकाच वर्षातील. मध्ये कोणी दिनांक लिहून ठेवला नाही, की महिने पुसले जातात. तेच शेंडेनक्षत्र शोकाची खूण ठरवावे, तर राज्याभिषेकाच्या वेळीही ते आकाशात होतेच!

इकडे ही आठवण बखरीत शिरत असता इंग्लंडात आयझॅक न्यूटन त्याच धूमकेतूच्या नोंदी गोळा करीत होता. नोव्हेंबरात पहाटे दिसलेला आणि डिसेंबरात सायंकाळी दिसलेला असे हे दोन निरनिराळे धूमकेतू असावेत, असे प्रथम त्यालाही वाटले होते. परंतु नोंदी जुळविल्यावर एकच धूमकेतू सूर्याला वळसा घालून परतला हे सिद्ध झाले. चंद्र पृथ्वीपासून जितका दूर आहे, त्याहूनही कमी अंतरावरून तो सूर्याच्या पृष्ठभागाजवळून निघून गेला होता. १६८७ च्या आपल्या महान ग्रंथात न्यूटनने हा मार्ग गणिताने मांडला. त्यासाठी त्याने ठिकठिकाणच्या माणसांची टिपणे वापरली. अमेरिकेतील मेरीलँडच्या वसाहतीत राहणाऱ्या आर्थर स्टोररचीही त्यांत होती.

आपल्याकडील प्राचीन ज्योतिषी वराहमिहिर याने सहाव्या शतकातील आपल्या ‘बृहत्संहिते’त केतूंना एक संपूर्ण अध्याय दिला आहे. त्यांची फळे तो सांगतोच. पण केतू केव्हा उगवेल आणि केव्हा मावळेल हे गणिताने जाणता येत नाही, असेही तो स्पष्ट म्हणतो. त्याच्या काळी ते खरेच होते. एडमंड हॅले याने १५३१, १६०७ आणि १६८२ या सालांच्या नोंदी समोर ठेवल्या, तिन्हींचे मार्ग जवळपास सारखे असल्याचे ओळखले, आणि हाच धूमकेतू १७५८ च्या सुमारास पुन्हा येईल असे १७०५ साली जाहीर केले. हॅले १७४२ मध्ये वारला. ज्या वर्षी मराठ्यांच्या फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या, त्याच १७५८ च्या २५ डिसेंबरच्या रात्री ड्रेस्डेनजवळच्या पालिच नावाच्या एका शेतकऱ्याला आपल्या दुर्बिणीतून तो परतताना प्रथम दिसला. राजदरबारच्या ज्योतिर्विदांच्या आधी तो शेतावर नांगर धरणाऱ्याला दिसला, ही गोष्ट लक्षात राहण्याजोगी आहे.

इतके होऊनही भीती लगेच गेली नाही. १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार व शेपटीतील विषारी वायूने माणसे मरणार, अशी आवई अनेक देशांत उठली. मे महिन्यातील ती रात्र सरली, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे सूर्य उगवला. शेपटी इतकी विरळ असते, की तिच्यातून पलीकडचे तारेसुद्धा दिसतात.

हॅलेचा धूमकेतू १९८६ साली पुन्हा येऊन गेला. आता तो २८ जुलै २०६१ रोजी सूर्याच्या सर्वांत जवळ येईल. आज बारा वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर असेल. एक अडचण मात्र आतापासूनच दिसते. जुलैअखेरीस कोकणात आषाढ-श्रावणाच्या सरी कोसळत असतात. पेण काय आणि रोहे काय, आठ आठ दिवस एक ताराही दृष्टीस पडत नाही. त्या वर्षी ज्याला शेंडेनक्षत्र पाहावयाचे असेल, त्याला ढग फाटण्याची वाट पाहावी लागेल, नाही तर बोरघाट चढून देशावरच्या एखाद्या कोरड्या माळावर मुक्काम ठोकावा लागेल.