जिमचे कपडे आणि बूट : कमी पैशात, पण डोळसपणे

दरवर्षी जुलैमध्ये नवीन बॅच आली की आपल्या इंदिरानगरातल्या जिममध्ये गर्दी वाढते आणि दिवाळीपर्यंत निम्मी ओसरते. यातले काही आळसाने गळतात, काही सबमिशनने. पण एक तिसरा गटही असतो, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. "माझ्याकडे धड बूट नाहीत, सगळे कसे टापटीप येतात," म्हणून हा गट पहिल्याच आठवड्यात गपचूप थांबतो. कांद्याचे भाव पडलेल्या वर्षी घरी फोन करून बुटांसाठी तीन हजार मागणे सोपे नसते. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांत स्वतःसाठी आणि विंगमधल्या पोरांसाठी जी खरेदी केली, त्यातून जमलेली ही माहिती. होस्टेलकरांना आणि रोज संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर दिसणाऱ्या आपल्या सरांना-मॅडमनाही ती उपयोगी पडेल असे वाटते.

आधी गरज ठरवा

तालमीत लाल मातीवर उतरणाऱ्या पैलवानाला बूट लागत नाहीत. नाशिकला यशवंत व्यायामशाळेसारख्या जुन्या संस्थांची परंपरा आहे आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या शरीरे घडली ती ब्रँडवर नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत सुरुवातीला अनवाणी धावायची. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. म्हणजे बूट नाहीत म्हणून व्यायाम बंद, हे कारण होऊ शकत नाही. दंड, बैठका, सूर्यनमस्कार आजपासून अनवाणी सुरू करता येतात.

मग बूट कशाला? जिममध्ये जमीन कडक असते, लोखंडी प्लेटा पडतात, आणि ट्रेडमिलवर किंवा डांबरी रस्त्यावर रोज तीच टाच आपटते. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट बल पायावर येते. साठ किलोच्या मुलाने हिशोब करावा : पावलागणिक १२० ते १८० किलोचा भार. तेव्हा पहिला प्रश्न ब्रँडचा नसून "मी नक्की करणार काय?" हा आहे.

धावणाऱ्याला मऊ, उसळणारा सोल हवा. वजन उचलणाऱ्याला नेमका उलटा, सपाट आणि कडक. धावायच्या बुटात मधला थर ईव्हीए नावाच्या फोमचा असतो, तो दाबला जातो आणि धक्का शोषतो. पण भरलेला गॅस सिलिंडर साधारण तीस किलोचा. असे दोन सिलिंडर खांद्यावर घेऊन गादीवर उभे राहिलात तर काय होईल? तोल जाईल, घोटा आत-बाहेर हलेल. फोमच्या बुटात जड स्क्वॉट मारताना हेच होते. त्यासाठी शाळेतले पी.टी.चे कॅनव्हास बूट कितीतरी चांगले, आणि किंमतही सर्वांत कमी! थोडे धावणे, थोडे वजन असा मिश्र व्यायाम असेल तर मध्यम जाडीच्या, फार मऊ नसलेल्या सोलचे ट्रेनिंग शूज घ्यावेत.

पाय मोजा, नंबर सांगू नका

"भाऊ, आठ नंबर दाखवा" असे म्हणून बूट घेऊ नयेत. भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा, सर्वांत लांब बोटापुढे खूण करा आणि अंतर मोजा. दोन्ही पायांचे मोजा, बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो. नंबर मोठ्या पायाचा घ्यायचा. मोजमाप आणि खरेदी दोन्ही संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. आपल्याकडे चालणाऱ्या यूके नंबरमध्ये एका नंबरचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. अर्धा नंबर म्हणजे चार मिलिमीटरच्या आसपास, आणि अंगठ्याचे नख काळे पडायला तेवढे पुरते. अमेरिकन नंबर साधारण एकाने जास्त असतो, म्हणून लेबलवर यूके की यूएस ते वाचा.

दुकानातली पाच मिनिटांची टेस्ट

लॅबमध्ये आपण मटेरियल टेस्ट करतो, तशीच ही. जर्नल लिहावे लागत नाही एवढाच फरक.

१) बूट दोन्ही हातांनी वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध घडी पडली तर ठेवून द्या.
२) ओला टॉवेल पिळतो तसा पिळा. थोडा पीळ बसला तर ठीक, पूर्ण पिळला गेला तर आत आधार नाही.
३) टाचेमागची वाटी अंगठ्याने दाबा. ती कडक हवी.
४) जोडी टेबलावर ठेवून मागून पाहा. एखादा बूट कलता असेल तर पायही कलता पडणार.
५) सोलच्या कडेने नख फिरवा. जोडणी सुटलेली असेल तर तिथेच कळते.
६) व्यायामाचे मोजे घालून, नाडी बांधून दुकानातच चाला, दोन उड्या मारा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी आणि टाच मागे सरकता कामा नये.

डब्यावरची उत्पादनाची तारीखही पाहा. चार वर्षे गोदामात पडलेला बूट सेलमध्ये स्वस्त मिळतो, पण पीयूचा सोल दमट हवेत न वापरताही कमजोर होतो आणि एक दिवस चुरा होऊन पडतो.

डुप्लिकेटचा मोह

शालिमार, मेन रोडला फिरताना मोठ्या कंपनीचा शिक्का असलेले बूट सहाशेला दिसतात. माझ्या विंगमधल्या एका मित्राने कुठूनसे असेच घेतले. दुसऱ्या महिन्यात ट्रेडमिलवर सोल सुटला, घोटा मुरगळला आणि तीन आठवडे तो वर्कशॉपला लंगडत आला. एक्स-रे आणि औषधांचा खर्च बुटांच्या दुपटीने झाला. खोट्या शिक्क्यापेक्षा साधी पण खरी कंपनी केव्हाही बरी. बाटाचा पॉवर, निविया, कॅम्पस, स्पार्क्स यांच्यात विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे जोड असतात. बुटाच्या जिभेवरचा आर्टिकल नंबर आणि डब्यावरचा नंबर जुळतो का ते पाहा आणि बिल घ्या. छापील एमआरपीत सर्व कर धरलेले असतात, "वर जीएसटी वेगळा" म्हणणाऱ्याचे ऐकू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर आणि बुटांवर ५ टक्केच जीएसटी आहे.

कपड्यांचे शास्त्र

सुती कापूस प्रमाणित हवेत वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून सुती टी-शर्ट घाम पिऊन जड होतो आणि पावसाळ्यात होस्टेलच्या दोरीवर दोन दिवस वाळत नाही. पॉलिएस्टर तासाभरात वाळते, पण वास धरून ठेवते. त्यामुळे वजनाच्या व्यायामाला जुना सुती टी-शर्ट चालतो, धावायला पातळ विणीचा पॉलिएस्टर बरा. दुकानात कापड उजेडासमोर धरा आणि तोंडाने फुंकर मारा. हवा आरपार गेली तर घाम उडेल. शॉर्ट्स घेताना ट्रायल रूममध्ये पूर्ण बैठक मारून पाहा, शिवण ताणली गेली तर एक साइज मोठी घ्या.

वर्गातल्या मैत्रिणींनी आवर्जून लिहायला सांगितलेला मुद्दा : मुलींच्या यादीत बुटांइतकीच स्पोर्ट्स ब्रा महत्त्वाची. आधार मुख्यतः खालच्या पट्ट्याचा असतो, खांद्याच्या पट्ट्यांचा नव्हे. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, त्याहून सैल नको. उड्या मारून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

आणि होस्टेलची आपली जुनी सवय, "तुझी ट्रॅक पँट दे रे जरा!" कृपया बंद करा. गजकर्ण ओल्या आणि एकमेकांच्या कपड्यांतून, टॉवेलमधून पसरते. झालेच तर मेडिकलमधून मनाने मलम आणू नका. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज थांबते, पण रोग दबून वाढतो. डॉक्टरांना दाखवा. व्यायाम झाला की कपडे लगेच बदला आणि उलटे करून वाळत घाला. भिजलेल्या बुटांत जुना पेपर कोंबा आणि ते सावलीत ठेवा. कडक उन्हात फोम आकसतो.

माझे अंदाजपत्रक

बूट १,१०० रुपये, दोन टी-शर्ट ५००, दोन शॉर्ट्स ५००, मोज्यांचे तीन जोड २००, नॅपकिन १००. एकूण २,४००. हे सगळे एकदम लागत नाही. पहिल्या महिन्यात फक्त बूट आणि मोजे घ्या, बाकी घरचे जुने चालते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातही तुम्ही जिमला जात असाल, तर बाकीचे घ्या. आधी सवय, मग साहित्य! कॉलेज रोडच्या शोरूममध्ये जरूर जा, दोन-तीन जोड घालून नंबर पक्का करा आणि सेलची वाट पाहा. पगारदार सरांना सल्ला एवढाच की टाच सकाळी पहिल्या पावलाला दुखत असेल तर झिजलेले बूट आधी बदला.

आपल्याकडे म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावे. मी एवढेच सुचवीन की पाय पाहून बूट घ्यावेत आणि दुसऱ्याचे बूट पाहून आपले पाय मागे घेऊ नयेत. तुमच्या विंगमध्ये एखादा बुटांवाचून थांबला असेल तर येत्या रविवारी त्याला घेऊन बाजारात जा. बोगद्यातल्या ट्रॅफिकचा अर्धा तास तेवढा हिशोबात धरा!